आधी घर, मग माईक: दुर्घटनेनंतर लोकप्रतिनिधीच्या कार्यालयानं काय करावं

मुलगा गेल्याचं त्याच्या आईला आमच्या पोस्टवरून कळलं. मी तेव्हा एका निवडून आलेल्या पदाधिकाऱ्याच्या कार्यालयात काम करत होते आणि ती पोस्ट मीच लिहिली होती. तिच्यात नाव नव्हतं. जागा होती, वय होतं, तो कितवीत शिकत होता ते होतं. आईला तेवढं पुरलं. पुढचे कित्येक आठवडे आमच्यावर जे आरोप झाले, त्यातल्या बऱ्याच आरोपांना आमच्याकडे उत्तर होतं. या एका गोष्टीला नव्हतं आणि आजही नाही.

म्हणून हे लिहिते आहे. महापौर, नगराध्यक्ष, नगरसेवक, सरपंच, पद कुठलंही असो, त्या पदामागे जी चार-पाच माणसं टेबलाशी बसलेली असतात त्यांच्यासाठी. बचावकार्य कसं करावं ते इथे सापडणार नाही, ते अग्निशमन दल, पोलिस आणि डॉक्टरांचं काम. आपल्याकडे येतं ते निराळं काम: कोणाला काय, कधी आणि कोणाच्या तोंडून कळतं ते सांभाळणं. मी जवळून पाहिलेल्या चुका बहुतेक क्रमाच्या होत्या. शब्द बरे असायचे, पण ते आधी माईकवर जायचे आणि मग घरी पोचायचे.

पहिला तास

बातमी आली की सगळ्यांचे हात काहीतरी लिहायला, टाकायला, सांगायला शिवशिवतात. पहिल्या तासात आधी काही गोष्टी थांबवा.

वेळ लावून ठेवलेल्या सगळ्या पोस्ट बंद करा. उद्घाटन, सत्कार, शुभेच्छा, कामांचे फोटो, सगळं. साहेबांची किंवा ताईंची खाती चालवणारा माणूस कार्यालयाबाहेर बसत असेल, तर त्याला फोन करून तोंडी सांगा आणि ‘बंद केलं’ हे त्याच्याकडून वदवून घ्या. निरोप पाठवून भागत नाही. माणसं ढिगाऱ्याखाली असताना पदाधिकाऱ्याचा हसरा फोटो झळकला, तर तो पुढची कित्येक वर्षं दाखवला जातो. कार्यकर्त्यांच्या गटांवरही स्पष्ट सांगा: नावं, फोटो, आकडे कोणी पुढे पाठवायचे नाहीत आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स छापायचे नाहीत. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर पुढाऱ्याचा चेहरा मृतांपेक्षा मोठा असेल, तर तो न लावलेलाच बरा.

मग कामं वाटून घ्या. एकानं घटनास्थळ आणि रुग्णालयाशी संपर्क ठेवायचा. एकानं फक्त कुटुंबांचं पाहायचं. एकानं माध्यमांचे फोन घ्यायचे. एकानं नोंदवही लिहायची. माणसं तीनच असतील तर माध्यमं आणि घटनास्थळ एकाकडे द्या, पण कुटुंबांच्या माणसाला दुसरं कुठलंही काम देऊ नका.

नोंदवहीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ती सगळ्यात आधी सुटते आणि सगळ्यात उशिरा आठवते. साधी वही चालेल. प्रत्येक ओळीत चार गोष्टी: वेळ, कोणी सांगितलं, काय सांगितलं, पक्कं की कच्चं. पदाधिकारी कुठे होते, त्यांना पहिला फोन किती वाजता आला, त्यांनी कोणाला काय सांगितलं, हे मिनिटांसकट लिहा. स्पेनमधल्या वॅलेन्सियात २९ ऑक्टोबर २०२४ रोजी महापूर आला, तेव्हा लोकांच्या मोबाइलवर धोक्याचा इशारा रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी पोचला. तोवर कित्येक जण बुडाले होते. त्या दुपारी प्रांताध्यक्ष कार्लोस माझोन नेमके कुठे होते, हा प्रश्न वर्षभर विझला नाही, कारण त्याची उत्तरं बदलत राहिली. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी राजीनामा जाहीर केला. तुमच्या वहीतली नोंद तुमच्याच विरोधात जाणारी असू शकते. तरीही ती लिहा आणि नंतर खाडाखोड करू नका.

आकडे

‘किती गेले?’ हा पहिला प्रश्न असतो आणि पहिलं उत्तर बहुधा चुकीचं असतं. हवाई बेटांवरच्या लहैना शहराला ८ ऑगस्ट २०२३ रोजी आगीनं वेढलं. मृतांचा अधिकृत आकडा आधी ११५ वर गेला. डीएनए तपासणीनंतर कळलं की काही ठिकाणी एकाच व्यक्तीचे अवशेष दोनदा मोजले गेले होते. सप्टेंबरमध्ये आकडा ९७ वर आणावा लागला आणि पुढे तो १०२ झाला. तिथल्या तज्ज्ञांनी चूक मान्य करून कारण समजावलं म्हणून ते निभावलं.

आपल्या कार्यालयासाठी नियम सरळ आहे. मृतांचा आकडा आपण स्वतः कधीच जाहीर करायचा नाही. ज्या यंत्रणेकडे तो अधिकार आहे तिचं नाव, तिनं दिलेला आकडा आणि वेळ, एवढंच सांगायचं: ‘सायंकाळी सहा वाजेपर्यंत रुग्णालय प्रशासनानं इतक्या मृत्यूंची नोंद केली आहे.’ बेपत्ता आणि मृत हे शब्द चुकूनही एकमेकांच्या जागी वापरू नका. ज्याचं माणूस बेपत्ता आहे तो अजून वाट पाहतो आहे.

कुटुंबं

इथे जितका वेळ द्याल तितका कमीच.

घटनास्थळापासून फार लांब नाही आणि अगदी समोरही नाही, अशी एक जागा मिळवा. दार बंद होणारी, कॅमेऱ्यांना प्रवेश नसलेली. पाणी, खुर्च्या, फोन चार्ज करायची सोय, आडोसा असलेलं स्वच्छतागृह, लहान मुलांसाठी वेगळा कोपरा. दारावर असा माणूस ठेवा जो कोणाशीही वाद घालत नाही. ही जागा पहिल्या दिवशीच मिळाली पाहिजे, नाहीतर नातेवाईक रुग्णालयाच्या आवारात भटकत राहतात आणि त्यांना माहिती मिळते ती माईक पुढे धरणाऱ्यांकडून.

फ्लोरिडात सर्फसाइड इथली बारा मजली इमारत २४ जून २०२१ च्या पहाटे कोसळली. ९८ माणसं गेली. मायामी-डेड काउंटीच्या महापौर डॅनिएला लेव्हाइन कावा आणि बचाव पथकाचे अधिकारी रोज नातेवाइकांना बंद दाराआड भेटत, दिवसातून दोनदा, आणि पत्रकार परिषद त्यानंतर होई. ७ जुलैला जिवंत कोणी सापडण्याची आशा उरली नाही आणि शोधाचं स्वरूप बदलायचं ठरलं. तेही आधी त्या खोलीत सांगितलं गेलं. त्या खोलीत आक्रोश झाला, राग निघाला, अधिकाऱ्यांना कठोर बोल ऐकावे लागले. पण कोणाला टीव्हीवरून कळलं नाही.

हा क्रम तुमच्याकडे कसा आणाल? भेटीची वेळ ठरवा आणि ती पाळा, नवीन काही नसलं तरी. ‘दुपारी चारपर्यंत नवीन काही कळलेलं नाही. सहा जणांचा शोध अजून सुरू आहे. पुढची भेट रात्री आठला,’ एवढं सांगायलाही त्या खोलीत जा. पत्रकारांना सांगायची प्रत्येक गोष्ट किमान अर्धा तास आधी इथे सांगा. बोलताना सोपे शब्द वापरा. ‘दुर्दैवी घटना’, ‘जीवितहानी’ हे शब्द कागदावरचे आहेत. समोरच्या माणसाला ‘गेले’, ‘वारले’ म्हणावं लागतं आणि ते एकदाच, स्पष्टपणे. शंका राहील असं गोलमोल बोलणं दयाळू वाटतं, पण माणूस त्यातून आशा उचलतो आणि ती पुन्हा एकदा मोडते.

मृत्यूची बातमी पोचवण्याचं काम पोलिस किंवा डॉक्टरांचं. पदाधिकाऱ्यानं ते स्वतःकडे ओढून घेऊ नये. ओळख पटवायला वेळ का लागतो हे मात्र तुम्ही नातेवाइकांना समजावून सांगू शकता. इंटरपोलच्या पद्धतीत ओळखीचे तीन भक्कम आधार धरले जातात: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. नुसतं पाहून, कपड्यांवरून, खिशातल्या कागदांवरून ओळख पटवली तर चूक होते आणि चुकीचा देह चुकीच्या घरी जातो. हे कोणी नीट सांगितलं तर नातेवाईक तासन्‌तास थांबतात. कोणीच न सांगता दार बंद ठेवलं, तर ते दार फोडायला निघतात आणि मला त्यात त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही.

प्रत्येक कुटुंबाला कार्यालयातला एकच माणूस नेमून द्या. एक नाव, एक फोन नंबर. कुटुंबाला तीच गोष्ट पाच वेगवेगळ्या माणसांना पुन्हा सांगायला लावू नका. नेमलेल्या माणसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेतली तीन कामं पाठ असावीत: पाहणं, ऐकणं, जोडून देणं. त्या वेळी कोणाला काय हवं आहे ते पाहायचं, बोलू लागले तर ऐकायचं, आणि डॉक्टर, नातलग, वाहन, कागदपत्रं यांच्याशी जोडून द्यायचं. ‘देवाची मर्जी’, ‘तुम्ही खंबीर राहा’, ‘निदान दुसरं मूल तरी आहे’ यातलं काहीही बोलायचं नाही. शब्द सुचत नसतील तर गप्प बसलेलं चालतं.

पहिलं निवेदन

छोटं ठेवा. पाच-सहा वाक्यं. दुःख, पक्की माहिती, लोकांनी काय करावं, पुढे कधी बोलणार. उदाहरणादाखल:

‘आज सकाळी झालेल्या दुर्घटनेत आपल्यातली काही माणसं गेली आहेत आणि काहींचा शोध सुरू आहे. बचाव पथकं कामात आहेत, त्यांच्यासाठी रस्ता मोकळा ठेवा. ज्यांचं माणूस सापडत नाही त्यांनी या क्रमांकावर फोन करावा किंवा या ठिकाणी यावं. नावं आणि फोटो पुढे पाठवू नका, अजून सगळ्या घरांपर्यंत निरोप पोचलेला नाही. हे कशामुळे झालं ते अजून ठरलेलं नाही. सायंकाळी सात वाजता पुन्हा माहिती देऊ.’

यात पदाधिकाऱ्याचं नाव सहीपुरतं आहे, ‘मी तातडीनं आदेश दिले’ वगैरे कुठेच नाही. कारणाबद्दल अंदाज नाही. ‘दोषींची गय केली जाणार नाही’ हेही नाही. दोषी कोण हेच ठरलेलं नसताना ते वाक्य पोकळ ठरतं आणि उद्या दोष आपल्याच विभागाकडे आला तर गळ्याशी येतं.

हल्ला किंवा हत्याकांड असेल तर आणखी एक गोष्ट ठरवावी लागते. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला, ५१ जण गेले. चार दिवसांनी पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितलं की हल्लेखोराचं नाव आपण कधीच उच्चारणार नाही. नावं घ्यायची ती गेलेल्यांची. एखाद्या लहान कार्यालयालाही हा निर्णय पहिल्याच दिवशी घेता येतो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

घटनास्थळी जावं का

जावं, पण कोणाला भेटायला जातो आहोत ते आधी ठरवून. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागली, ७२ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान थेरेसा मे तिथे गेल्या आणि अग्निशमन दलाच्या लोकांना भेटून परतल्या. रहिवाशांना भेटल्याच नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी राणी एलिझाबेथ रहिवाशांमध्ये जाऊन आल्या आणि तुलना झालीच. तेव्हा रहिवाशांना न भेटल्याचा खेद मे यांनी वर्षभरानं जाहीरपणे व्यक्त केला.

गाड्यांचा ताफा नेऊ नका. बचावाच्या वाटेत उभे राहू नका. स्वतःचा छायाचित्रकार सोबत नेऊ नका. रुग्णालयात जखमींच्या खाटेजवळचा फोटो, मग तो कितीही भावपूर्ण असो, काढू नका. राग झेलायची तयारी ठेवा. वॅलेन्सियाच्या त्याच महापुरानंतर पायपोर्ता गावात ३ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पेनच्या राजा-राणीवर लोकांनी चिखल फेकला. पंतप्रधानांना तिथून काढून न्यावं लागलं. राजा-राणी चिखल लागलेल्या कपड्यांनीच थांबले आणि लोकांशी बोलत राहिले. सुरक्षेला खरा धोका असेल तर निघावंच लागतं. पण नुसता आरडाओरडा हा धोका नसतो. कोणी अंगावर ओरडलं तर साहेबांच्या मागे उभ्या कार्यकर्त्यानं त्याला ढकलू नये, हे निघण्याआधी गाडीतच बजावून सांगा.

वादळ सुरू झालं की

साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रश्न बदलतात. ‘काय झालं?’ मागे पडतं आणि ‘कोणामुळे झालं?’ पुढे येतं. राजीनाम्याची मागणी होते, दाराशी ठिय्या बसतो. अशा वेळी प्रत्येक कार्यालयात कोणीतरी म्हणतं, ‘हे राजकारण चाललंय.’ कार्यालयात बसून म्हणा हवं तर. बाहेर हे वाक्य कधीच जाऊ देऊ नका. ‘ही राजकारणाची वेळ नव्हे’ असं सत्तेत बसलेला माणूस म्हणतो, तेव्हा आपलं मूल गमावलेल्या बापाला एवढंच ऐकू येतं की मी प्रश्न विचारू नये.

आलेल्या प्रत्येक आरोपाचे तीन ढीग करा. पहिला ढीग: कुटुंबांचे आणि रहिवाशांचे प्रश्न. यांना नावानिशी, लेखी आणि सगळ्यात आधी उत्तर. विरोधकांनी हेच प्रश्न उचलले असले तरी ते या ढिगातून बाहेर जात नाहीत, कारण प्रश्न कोणी विचारला यावरून तो खरा की खोटा ठरत नाही. दुसरा ढीग: विरोधकांचे आरोप, ज्यांत तपासण्याजोगी गोष्ट आहे. तारीख, फाइल, ठराव, निविदा. यांना कागद दाखवून उत्तर द्या, विशेषणं न लावता. तिसरा ढीग: शिव्या, अफवा, वैयक्तिक चिखलफेक. यांना उत्तर नाही, अपवाद फक्त दोन. अफवेमुळे कोणाच्या जिवाला किंवा एखाद्या समाजाला धोका होत असेल तर लगेच खोडा. धमक्या आल्या तर त्या पोलिसांकडे द्या, त्यांचं भांडवल करू नका.

आता काही गोष्टी ज्या वादळात होडी बुडवतात.

गेलेल्यांवर किंवा वाचलेल्यांवर खापर फोडणं. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमध्ये हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली, ९७ जणांचा जीव गेला. बाहेर जाण्याच्या फाटकातून प्रेक्षक जबरदस्तीनं घुसले, असं पोलिस अधिकाऱ्यानं त्याच दुपारी सांगितलं. ते फाटक त्याच्याच हुकमानं उघडलं होतं. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीनं दाखवून दिलं की पोलिसांचे १६४ जबाब नंतर बदलले गेले होते. ज्युरीनं ‘बेकायदा हत्या’ असा निर्णय दिला तो २०१६ मध्ये. सत्तावीस वर्षं त्या घरांनी गेलेल्या मुलांच्या माथ्यावरचा डाग पुसण्यात घालवली. तेव्हा ‘लोकांनी गर्दी केली’, ‘सूचना पाळल्या नाहीत’, ‘परवानगी नसताना राहत होते’ असलं वाक्य कोणत्याही मसुद्यात दिसलं की लाल पेन उचला.

लवकर हात झटकणं. सोलच्या इतेवॉन भागात २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री अरुंद गल्लीत चेंगराचेंगरी होऊन १५९ जण गेले. दुसऱ्याच दिवशी देशाचे गृहमंत्री म्हणाले की आधी पोलिस नेमून हे टळलं असतं असं नाही. त्या संध्याकाळी लोकांनी पोलिसांना वारंवार फोन करून धोका कळवला होता, हे लवकरच उघड झालं. मंत्र्यांना माफी मागावी लागली, संसदेत महाभियोगही मंजूर झाला. पुढे न्यायालयानं तो फेटाळला, पण ते वाक्य काही पुसलं गेलं नाही.

दुसऱ्याची माहिती स्वतःच्या नावावर सांगणं. टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत २४ मे २०२२ रोजी १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. गव्हर्नरांनी आधी पोलिसांच्या तत्परतेचं कौतुक केलं. मग कळलं की पोलिस तासाहून जास्त वेळ वर्गाबाहेरच थांबले होते. तीन दिवसांनी गव्हर्नरांना म्हणावं लागलं की माझी दिशाभूल झाली. म्हणून ‘अमुक विभागानं आम्हाला कळवलं आहे की’ ही पाच-सहा शब्दांची जोड प्रत्येक वाक्याला द्या आणि कौतुकाची घाई करू नका.

दार लावून घेणं. ग्रेनफेलनंतर २९ जून २०१७ रोजी केन्सिंग्टन अँड चेल्सी कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेनं, बैठक लोक आणि पत्रकारांना बंद ठेवायचं ठरवलं. पत्रकार न्यायालयातून आदेश घेऊन आत आले, तर प्रमुखांनी बैठकच गुंडाळली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पद सोडलं.

माफी

कायदा पाहणारे सांगतात, माफी मागू नका, दोष कबूल केल्यासारखं होईल. त्यांचं म्हणणं ऐकून घ्या, पण तिथे थांबू नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ च्या नुकसानभरपाई कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की केवळ माफी मागणं म्हणजे निष्काळजीपणाची कबुली ठरत नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं त्याच वर्षी माफीसाठी वेगळा कायदाच केला. तुमच्या ठिकाणी काय तरतूद आहे ते वकिलांना विचारा, मात्र प्रश्न ‘मागावी का’ असा न विचारता ‘कशी मागता येईल’ असा विचारा.

‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ ही माफी नव्हे. माफीत घडलेली गोष्ट असते: ‘रहिवाशांनी दोनदा लेखी कळवलं होतं. आमच्या कार्यालयानं ते पुढे पाठवलं, पण पाठपुरावा केला नाही. ती आमची चूक आहे आणि त्याबद्दल मी माफी मागतो.’ कशामुळे मृत्यू झाले हे चौकशीत ठरेल, पण पत्रावर धूळ बसली हे आजच माहीत आहे. जेवढं माहीत आहे तेवढ्याची माफी आजच मागता येते. आणि तीही आधी कुटुंबांच्या खोलीत.

माझ्या पोस्टबद्दल मी त्या आईकडे गेले होते. सोबत कोणी नव्हतं, लिहून नेलेलं काही नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत. मी थोडा वेळ बसले आणि परत आले. क्षमा मिळेल या अपेक्षेनं जाऊ नका. ती देणं हा त्यांचा अधिकार आहे, आपला नाही.

कपाटातली जुनी पत्रं

जवळजवळ प्रत्येक मानवनिर्मित दुर्घटनेच्या मागे कोणीतरी लिहिलेलं पत्र निघतं. वेल्समधल्या ॲबरफॅन गावावर २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी कोळसा खाणीच्या कचऱ्याचा डोंगर घसरला. शाळा गाडली गेली. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. तीन वर्षं आधी, १९६३ मध्ये, स्थानिक पालिकेच्या अभियंत्यानं त्या शाळांमागे टाकल्या जाणाऱ्या गाळाच्या धोक्याबद्दल लेखी कळवलं होतं.

तेव्हा पहिल्या चोवीस तासांत हे करा: घटनेशी संबंध असू शकेल अशा सगळ्या फाइली, आवक-जावक नोंदी, ईमेल, फोनमधले निरोप आहेत तसे राखून ठेवा. काहीही खोडायचं नाही, गट सोडायचे नाहीत, फोन बदलायचे नाहीत, हे लेखी कळवा. एका माणसाला बसवून जुन्या तक्रारी शोधायला लावा. सापडलेली पत्रं पदाधिकाऱ्यांना त्याच दिवशी दाखवा. पत्र आपल्याला अडचणीत आणणारं असेल तर ते स्वतःहून चौकशी यंत्रणेकडे द्या आणि दिलं आहे हे कुटुंबांना सांगा. हिल्सबरोच्या कुटुंबांच्या अनुभवांवर बिशप जेम्स जोन्स यांनी २०१७ मध्ये दिलेल्या अहवालात सार्वजनिक संस्थांसाठी एक सनद सुचवली आहे. संस्थेच्या अब्रूपेक्षा लोकहित वर ठेवणं आणि ज्याचं समर्थन होऊच शकत नाही त्याचं समर्थन न करणं, ही त्यातली दोन कलमं तुमच्या टेबलावर लावून ठेवायला हरकत नाही.

चौकशीची मागणी आली तर विरोध करू नका. ज्या विभागाकडे बोट दाखवलं जातंय त्याच विभागाच्या अधिकाऱ्याला चौकशी सोपवू नका. कार्यकक्षा ठरवताना कुटुंबांचं म्हणणं लेखी घ्या.

जाहीर सभा

लोक बोलावतील त्याआधी आपण बोलवा, साधारण पहिल्या आठवड्यात. व्यासपीठ नको, सगळे एकाच पातळीवर बसतील असं करा. पहिला एक तास फक्त लोकांनी बोलायचं, पदाधिकाऱ्यानं मध्ये उत्तर द्यायचं नाही, स्वतः लिहून घ्यायचं. मग ज्याचं उत्तर आहे ते द्यायचं आणि बाकीच्या प्रत्येक प्रश्नाला तारीख: ‘याचं उत्तर येत्या शुक्रवारपर्यंत.’ शुक्रवारी उत्तर मिळालं नसेल तरी त्या दिवशी कळवायचं. हे शब्द एका वेगळ्या वहीत लिहा. कोणाला काय शब्द दिला, कधीपर्यंत, पूर्ण झाला का.

मदतीचा पैसा

लोक उदार होतात आणि पैसा येतो. तो कार्यालयाच्या किंवा पक्षाच्या खात्यात एक दिवससुद्धा येऊ देऊ नका. वेगळं खातं, स्वतंत्र विश्वस्त, त्यात कुटुंबांचा प्रतिनिधी आणि खर्चाचा जाहीर हिशेब. ॲबरफॅनसाठी जमलेल्या निधीतून १,५०,००० पौंड सरकारनं उरलेले कचऱ्याचे डोंगर हटवायला घ्यायला लावले. म्हणजे ज्यांची मुलं गेली त्यांच्याच वाट्याच्या पैशातून. ती रक्कम परत मिळाली १९९७ मध्ये. धनादेश देतानाचे सोहळे आणि फोटो टाळा. पैसा सरळ खात्यात जाऊ दे.

आपली माणसं

फोन घेणाऱ्याला दोन तासांवर उठवा. रात्रीची पाळी लावा. ज्यानं दिवसभर मृतांच्या याद्या जुळवल्या त्याला एकट्याला घरी पाठवू नका. शिव्यांनी भरलेले संदेश वाचायचं काम रोज एकाच माणसाकडे देऊ नका. आमच्याकडे ते एकाच मुलीकडे होतं आणि ती झोपत नाही हे आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं.

महिने आणि वर्षं

कॅमेरे जातात तेव्हा कुटुंबांची कागदपत्रं अजून अर्धवट असतात. मृत्यूचे दाखले, विमा, शाळा, घर. नेमलेला माणूस किमान वर्षभर बदलू नका. बदली अटळ असेल तर नव्या माणसाला घेऊन जुन्यानं घरी जायचं.

लोकांनी आणून ठेवलेली फुलं, पत्रं, खेळणी यांना परस्पर हात लावू नका. मँचेस्टरमध्ये मे २०१७ च्या हल्ल्यानंतर चौकात ठेवलेल्या अशा १०,००० हून अधिक वस्तू शहरानं जपून संग्रहात ठेवल्या. तुम्हाला तेवढं जमणार नाही, पण उचलायच्या आधी कुटुंबांना तारीख कळवणं आणि काय ठेवायचं ते विचारणं जमेल. स्मारकाचंही तसंच. आधी जागा आणि भूमिपूजन ठरवून मग ‘तुमचं मत काय’ असं विचारू नका.

पहिल्या वर्षश्राद्धाच्या दोन महिने आधी प्रत्येक घरी विचारा: काही कार्यक्रम हवा का, पदाधिकाऱ्यांनी यावं का. ‘येऊ नका’ हेही उत्तर असतं आणि ते पाळायचं असतं. त्या दिवशी दुसरं कुठलंही उद्घाटन घेऊ नका, हे दरवर्षीच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा.

आणि पद जातं, निवडणुकीत किंवा या वादळातच. खुर्ची रिकामी करताना कुटुंबांची यादी, प्रत्येकाशी बोलणाऱ्या माणसाचं नाव, दिलेल्या शब्दांची वही आणि पहिल्या तासापासूनची नोंदवही नव्या पदाधिकाऱ्याच्या हातात द्या, तो विरोधी पक्षाचा असला तरी. पोच घ्या. मग कुटुंबांना फोन करून सांगा की उद्यापासून तुमचं काम कोण पाहणार आहे, आणि हे त्यांना वर्तमानपत्रातून कळायच्या आधी सांगा.